डावा डोळा आणि इतर नातेवाईक

दिवाळीपासून माझा डावा डोळा मला न विचारता रडतो. सोसायटीच्या सभेत लिफ्टचा विषय निघाला आणि माझ्या गालावरून पाणी ओघळलं. अध्यक्षांनी गडबडून खर्चच मंजूर केला. शेजारच्या मुलाच्या साखरपुड्यात मी डोळा टिपत बसलो, तर मुलीच्या काकांनी मला बाजूला घेतलं. "मुलाचं काही... म्हणजे आम्हाला आधीच कळलेलं बरं."

उपाय सुचवणाऱ्यांना तोटा नव्हता. गुलाबपाणी, दुधाच्या घड्या, एरंडेल. मेडिकलवाल्याने डोळे आल्याचे थेंब दिले. डोळे आले असते तर परवडलं असतं, आले तसे जातात तरी. इथे सतत काहीतरी खुपतंय आणि आरशात बघावं तर कचरा नाही, कुसळ नाही.

डॉक्टरबाईंनी डोळे घट्ट मिटून उघडायला लावले. उघडले, तर खालची पापणी केसांसकट आत वळलेली! मग डोळ्याला नारिंगी पट्टी टेकवून निळा उजेड टाकला. बुबुळावरचे ओरखडे म्हणे हिरवेगार चमकत होते. मी सोडून खोलीतल्या सगळ्यांनी पाहिले.

कारण वय. पापणीला ताणून धरणारे बंध सैल पडतात, तिला खाली ओढणारा पडदाही ढिला होतो. डोळा मिटणारा गोल स्नायू मात्र अजून जोमात. तो वर सरकतो आणि पापणीची कड आत लोटतो. "पायजम्याचं इलॅस्टिक गेलं की कमरेची पट्टी दुमडते ना, तसं," बाई म्हणाल्या. पापणी मिनिटाला पंधरा-वीस वेळा लवते, आणि दरवेळी केस बुबुळावर. तिथे तर मज्जातंतूंची नुसती दाटी.

"मग केसच उपटा ना!"

"पापणी जागेवर असून एखादाच केस वाकडा वाढला, तर उपटतो. पण महिना-दीड महिन्यात तो हजर. आणि घरी उपटताना तुटला तर खुंट जास्त टोचतो."

हे आमच्या आजीला कुणी सांगितलं नव्हतं. खुपऱ्यांनी, म्हणजे ट्रकोमा या डोळ्यांच्या संसर्गाने, तिच्या वरच्या पापणीला आतून वण पडून केस डोळ्याकडे वळले होते. आजोबा तिला ओसरीवर उन्हात बसवून चिमट्याने एकेक केस काढायचे. त्या दोघांना एकमेकांच्या इतकं जवळ मी एरवी कधी पाहिलं नाही. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्या भारतातून हद्दपार झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली जाहीर केलं. आजोबांचं काम तेवढं गेलं.

मला तूर्त मलम, आणि खालची पापणी गालाकडे ओढून धरणारी चिकटपट्टी मिळाली. "आजोबा, डोळा उसवलाय का?" असं नातवाने विचारलं. शस्त्रक्रिया साधी: पापणीपुरती भूल, सैल पापणी बाहेरच्या कोपऱ्याशी आवळून टाके, त्याच दिवशी घरी. लांबवू मात्र नका, बाईंनी बजावलं, ओरखडा चिघळला तर बुबुळावर फूल, म्हणजे पांढरा डाग, पडेल. शुक्रवार ठरला.

संध्याकाळी ताईचा फोन. "शुक्रवारी? अरे, रविवारी लग्न आहे! नवरी म्हणते, पंचवीस हजारांचा मेकअप आहे, मी रडणार नाही. जावई तर हसतमुखच. मग पाठवणीला आपल्याकडून रडायचं कुणी?"