108 अंश म्हणजे इंजिन उकळलं नाही, आणि ती कॅप उघडू नका

गेल्या रविवारी माझा भाचा साताऱ्याला निघाला होता. खंबाटकी उतरून सुरूरजवळ त्याने गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि पाण्याची बाटली हातात घेऊन मला फोन लावला. "मावशी, टेंपरेचर 108 झालंय. घाटात तर 92 होतं! कूलंटच्या टाकीची कॅप उघडून पाणी घालतो." मी फोनवरच ओरडले, म्हणून त्याचे हात शाबूत आहेत.

गाडीला काहीही झालेलं नव्हतं. सकाळी फॅमिली ग्रुपवर एक मेसेज आला होता, तो त्याच्या डोक्यात बसला होता: "90 च्या वर गेलं की इंजिन धोक्यात. 100 ला पाणी उकळतं, लगेच थांबून कॅप उघडा, थंड पाणी ओता. पॉवरफुल गाड्यांचा थर्मोस्टॅट आपल्या उन्हाळ्यासाठी नाहीच, काढून टाका. कूलंट ही कंपन्यांची लूट आहे, साधं पाणी उत्तम."

आधी कॅपचं बोलते, कारण यात माणूस भाजतो. गाडीची कूलिंग सिस्टिम म्हणजे बंद कुकर. कॅप आत बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार (म्हणजे आणखी एका वातावरणाइतका) किंवा थोडा जास्त दाब धरून ठेवते. त्या दाबाखाली नुसतं पाणीसुद्धा 120 अंशांच्या आसपास उकळतं आणि निम्मं कूलंट (इंजिन गार ठेवायला पाण्यात मिसळतात ते गंजरोधक द्रव), निम्मं पाणी असं मिश्रण सव्वाशेच्याही पुढे. म्हणजे 108 ला आत काही उकळत नव्हतं. पण कॅप फिरवली की दाब क्षणात जातो आणि तोवर शांत असलेलं पाणी त्याच क्षणी उकळून उसळतं. पाण्याची वाफ झाली की ती साधारण 1,600 पट जागा मागते, आणि कॅपच्या तोंडाशी तुमचा चेहरा असतो. प्रेशर उतरण्याआधी कुकर उघडू नये हे ज्या घरात लहान मुलांनाही माहीत आहे, त्याच घरातून हा मेसेज पुढे गेला, याचा मला खरा संताप आहे. शिवाय तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की सिलिंडर हेडला तडा जाऊ शकतो, ते वेगळंच.

आता तो 90 चा आकडा. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो. फोक्सवॅगनच्या कितीतरी गाड्यांत आतलं तापमान साधारण 75 ते 105 च्या दरम्यान कुठेही असलं तरी काटा 90 वरच दिसतो. त्यामुळे लोकांना वाटतं, इंजिन कायम 90 वरच चालतं.

भाच्याची गाडी जुनी बीएमडब्ल्यू 325आय, सहा सिलिंडरचं एन52 इंजिन. तिच्यात कूलंटचा काटाच नाही. म्हणून त्याने गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा स्कॅनर लावला, आणि खरा आकडा पहिल्यांदाच बघून घाबरला. या इंजिनासाठी बीएमडब्ल्यूने स्वतःच्या तंत्रज्ञांना दिलेल्या प्रशिक्षण-पुस्तिकेत कूलंटच्या तापमानाची चार लक्ष्यं छापलेली आहेत: इंधन वाचवताना 112, नेहमीच्या चालण्यात 105, जोर लावला की 95 आणि त्याहून जास्त लागलं तर 80. रमतगमत चालताना इंजिन मुद्दाम गरम ठेवतात, कारण ऑइल पातळ राहतं, घर्षण कमी होतं, पेट्रोल वाचतं. ॲक्सिलरेटर दाबला की नॉकिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी भडकणं) टाळायला कॉम्प्युटर तापमान खाली आणतो. म्हणून घाटात 92 आणि सपाटीला 108. भाच्याला जे उलटं वाटलं तेच बरोबर होतं.

आणि हे सगळं घडवतो कोण? कूलंट फिरवणारा विजेवरचा पंप आणि तोच थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह), जो हा मेसेज काढून टाकायला सांगतो! ॲम्बॅसॅडरच्या काळात मेकॅनिक हा व्हॉल्व्ह काढून टाकायचे, ती सवय अजून गेलेली नाही. आज तो काढलात तर इंजिन थंडच राहतं, कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो, ते ऑइलमध्ये उतरतं आणि इंजिन झिजतं.

साध्या पाण्याबद्दल एक कबूल करते. नुसतं पाणी मिश्रणापेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं, आणि ट्रॅकवर रेसिंगच्या गाड्या पाणी वापरतातही. पण तेही गंज रोखणारं रसायन घालून, आणि ती इंजिनं सारखी उघडली जातात. एन52 चा ब्लॉक मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचा आहे. त्यात बोअरचं पाणी घालणं म्हणजे आतून क्षार आणि गंज चढवणं.

त्या मेसेजमागची भीती मात्र सगळी खोटी नाही. या गाड्या खरोखर तापतात, आणि बहुतेकदा तो विजेवरचा पंप अचानक बंद पडल्यामुळे. तेव्हा आकडा 108 वर थांबत नाही, 120 ओलांडून चढत जातो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. असं झालं तर एसी बंद, हीटर फुल, बाजूला थांबून इंजिन बंद, आणि टोइंगला फोन. कूलंटची पातळी बघायची ती सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना. भाच्याच्या गाडीचा पंप अजून कंपनीचाच आहे, सव्वा लाख किलोमीटर झालेला. या महिन्यात तो आणि थर्मोस्टॅट दोन्ही एकदमच बदलून घे, असं मी त्याला सांगितलंय.