ही ‘वासरांत लंगडी गाय’ नव्हे

आइसलँडची बास्केटबॉलपटू हेलेना स्वेरिसदोत्तिर हिचा विषय निघाला की ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ हे ठरलेलं मत पुढे येतं. चार लाखांच्या आतली वस्ती, मग 12 वेळा देशातली वर्षाची सर्वोत्तम महिला बास्केटबॉलपटू होण्यात कसलं कौतुक? बाहेर तिनं काय केलं? पुढे पोरंबाळं झाली, घरी परतली, संपलं. आणि देशाला युरोबास्केटला, म्हणजे युरोपातल्या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेला, तरी कुठं नेलं? मला यातलं एकही पटत नाही.

आधी ‘बाहेर’चं बघू. हाफ्नारफ्योर्दुर गावच्या हॉयकार क्लबकडून 2006 आणि 2007 ची राष्ट्रीय विजेतेपदं जिंकून ती टेक्सासच्या टीसीयू विद्यापीठात गेली आणि 2011 पर्यंत चार हंगाम खेळली. 2009 आणि 2010 मध्ये तो संघ अमेरिकेच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेत होता. मग स्लोव्हाकियातल्या कोशित्सेचा गुड एंजल्स क्लब: दोन हंगाम, दोन्ही वेळा देशाचं विजेतेपद, शिवाय युरोलीग, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा. त्यानंतर हंगेरी, पोलंड. असे क्लब परदेशी खेळाडूला पैसे मोजून आणतात, तिच्या देशाची लोकसंख्या बघून नाही.

तिचा खेळ बघितला की हे आणखी पटतं. सहा फुटांहून उंच मुलगी रिबाउंड (हुकून परतलेला चेंडू) घेते, आणि चेंडू गार्डच्या, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूच्या, हातात सोपवून पुढे पळण्याऐवजी स्वतःच ड्रिबल करत कोर्ट ओलांडते, समोरचा बचाव गोळा झाला की मोकळ्या सहकाऱ्याला पास देते. उंच मुलीला बास्केटखाली उभं करून ठेवायची सवय असलेल्या प्रशिक्षकांनी हे जरूर बघावं.

‘मुलं झाल्यावर संपली’ हे तर मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते धडधडीत खोटं आहे. आई झाल्यानंतर 2018 मध्ये तिनं हॉयकारला विजेतेपद मिळवून दिलं. पाच सामन्यांची अंतिम मालिका, 3-2, समोर रेक्याविकचा वालुर क्लब. पुढच्याच हंगामात ती त्याच वालुरमध्ये, धाकटी बहीण गुडब्योर्गच्या सोबत, आणि 2019 मध्ये वालुरच्या महिलांनी आपलं पहिलंवहिलं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. दुसऱ्या मुलानंतर 2021 मध्ये पुन्हा वालुर, या वेळी हॉयकारला 3-0 हरवून. म्हणजे पाच राष्ट्रीय विजेतेपदांपैकी तीन आई झाल्यानंतरची! बाळंतपणातून उठून पुन्हा धावायला लागणं किती कठीण, हे घराघरातल्या बायकांना सांगायला नको.

राहिला युरोबास्केटचा मुद्दा. आइसलँडचा महिला संघ तिथं पोचला नाही, हे खरं. पण ती युरोलीग खेळत होती, ऐन भरात होती, त्या वर्षांत हा संघ पात्रता फेरीत उतरलाच नव्हता. जी स्पर्धा देशानं खेळलीच नाही, तिचा हिशेब खेळाडूकडे कसा मागणार? वयाच्या 14 व्या वर्षी, 2002 मध्ये तिनं देशाची जर्सी पहिल्यांदा घातली. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये 81 वा सामना खेळली तेव्हा आइसलँडच्या महिला संघात तिच्याइतके सामने कुणाचेच नव्हते. 21 वर्षांत 81, म्हणजे वर्षाला जेमतेम चार. त्याच महिन्यात गुडघ्यानं साथ सोडली आणि ती थांबली.