पैशाआधी तरी चुरस कुठे होती?

अमेरिकी विद्यापीठांच्या खेळांबद्दल एक दावा सर्रास केला जातो: हौशीपणाच्या, म्हणजे खेळाडूंना मोबदला न देण्याच्या, नियमांमुळे लहान-मोठे संघ बरोबरीत होते, २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींतून कमावण्याची मुभा मिळाली आणि मुक्त बाजाराने ती चुरस संपवली.

ही बरोबरी नेमकी कधी होती? बास्केटबॉलमध्ये यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाने १९६४ ते १९७५ या काळात १० विजेतेपदे मिळवली, त्यांतली सात सलग. अमेरिकी फुटबॉलमध्ये अलाबामा विद्यापीठाने २००९ ते २०२० या हंगामांत सहा मिळवली. या साऱ्या काळात खेळाडूला शिष्यवृत्ती आणि शिक्षणाशी निगडित खर्च यांपलीकडे काही देण्यास बंदी होती. त्या बंदीने स्पर्धा थांबली नाही, ती फक्त प्रशिक्षकांच्या पगारांकडे आणि आलिशान सरावगृहांकडे वळली. टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये आपल्या प्रशिक्षकाला मुदतीआधी काढले, तेव्हा त्याचे देणे साडेसात कोटी डॉलरच्या वर गेले होते. खेळाडूला मात्र सगळीकडे सारखेच मिळणार असल्याने तो नामांकित संघाकडेच जाई आणि लहान विद्यापीठाला त्याच्यासमोर ठेवण्याजोगे काही उरत नसे.

'श्रीमंत विद्यापीठे सगळे चांगले खेळाडू उचलतील' हे म्हणणे तर मैदानावर एका वेळी अकराच उतरतात हे विसरते. मोठ्या संघात बाकावर बसणाऱ्याला दुसरीकडे खेळायलाही मिळते आणि पैसेही मिळतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हँडरबिल्टने अव्वल मानांकित अलाबामाला ४०-३५ असे हरवले, ते न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठातून आलेल्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणाऱ्या खेळाडूच्या, जोरावर. २०२३ मध्ये १२ पैकी तीनच सामने जिंकलेल्या इंडियानाने पुढच्या हंगामात ११ जिंकले. दोन उदाहरणांनी नियम सिद्ध होत नाही हे खरे, पण 'चुरस संपली' हे विधान खोडायला ती पुरेशी आहेत.

शिवाय ज्याला मुक्त बाजार म्हणून दूषण दिले जाते, तो पुरता मुक्तही नाही: २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठाला खेळाडूंमध्ये थेट वाटता येणाऱ्या रकमेवर पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरची मर्यादा ठरली.

समतोल बिघडतो आहे ही चिंता मात्र खोटी नाही. बोट चुकीच्या दिशेला आहे. २०२४ मध्ये पॅक-१२ या, आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या जुन्या गटात बारांपैकी दोनच विद्यापीठे उरली. बाकीची दहा गेली ती मुख्यतः दूरचित्रवाणीच्या हक्कांच्या पैशामागे, आणि तेव्हा विद्यापीठांकडून खेळाडूंना थेट वाटा देणे सुरूही झाले नव्हते.