आजीला व्हिडिओ कॉल बंद करायला लावणारा फॉरवर्ड

‘मोबाईलने नाती गिळली’ हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. माझ्या आईने तो वाचला आणि गेले दोन रविवार नातीचा व्हिडिओ कॉल घेतलाच नाही. नात 11 महिन्यांची, ताई-भावोजींबरोबर मेलबर्नला. ‘माझ्यामुळे तिच्या मेंदूला काही व्हायला नको गं,’ असं आई म्हणाली तेव्हा मला राहवेना.

आईला घाबरवणारा त्यातला मुद्दा असा: ‘दोन वर्षांखालच्या बाळाला व्हिडिओ कॉलवर आणलं तर ते खऱ्या आजीला ओळखेनासं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने बंदी घातली आहे.’ साफ खोटं. संघटनेने 2019 मध्ये दिल्या त्या शिफारशी, लहान मुलांची हालचाल, बसून राहणं आणि झोप याबद्दलच्या. वर्षाच्या आतल्या बाळाला टीव्ही-व्हिडिओपुढे बसवून ठेवू नका, हे त्यात आहे आणि ते रास्तच आहे. पण आजीशी बोलणं म्हणजे टीव्ही बघणं नव्हे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, 2016 मध्ये हे स्वच्छ लिहिलंय: 18 महिन्यांखाली पडदा टाळा, व्हिडिओ कॉल वगळून. आई टाळ्या वाजवते, नात मुठी नाचवते, ते बघून आई पुन्हा वाजवते. कार्टून असं बाळाकडे बघून थांबत नाही.

त्याच फॉरवर्डमधला पुढचा दावा, ‘माणसाचं लक्ष 8 सेकंद टिकतं, गोल्डफिश माशाचं 9’. हा आकडा 2015 च्या मायक्रोसॉफ्टच्या एका अहवालामुळे पसरला. बीबीसीने 2017 मध्ये मूळ शोधलं, तर त्यामागे संशोधनच सापडलं नाही.

शिवाय ‘पूर्वी नाती घट्ट होती’ म्हणे. गिरणगावातल्या खोल्यांत राहणारे कोकणातले कामगार बायकामुलांना गणपती-शिमग्याला भेटत. मधले महिने मनीऑर्डरच्या कुपनावरच्या दोन ओळींवर निघत. त्या बायकांना कुणी विचारलं होतं का, नातं घट्ट वाटतं का म्हणून?

जेवताना फोन खाली ठेवा, हे त्यातलं मात्र मान्य. आमच्याच घरी ताटं वाढून झाली तरी माना वर होत नाहीत, आणि मूल समोर बसून बोलत असतं तेव्हा त्याला ते नक्की कळतं. पण त्यावर उपाय आजीचा कॉल बंद करणं नाही.

रविवारी सकाळी साडेआठला मेलबर्नहून फोन येईल. आई, उचल गं.