कोरल दगड नाही, आणि तुकडा घरी आणायचा नाही

परवा रात्री मामाने फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला, "कोरल वाचवा मोहिमेचं सत्य". त्यात पाच मुद्दे आहेत. कोरल (प्रवाळ) म्हणजे समुद्रातला दगड आणि दगड मरत नाही. ऑस्ट्रेलियात कोरल विक्रमी वाढलंय. स्नॉर्कलिंग करताना दमलात तर बिनधास्त कोरलवर उभं राहा, आठवण म्हणून एक तुकडा पण आणा, आपली पोवळ्याची अंगठी कोरलचीच असते. महाराष्ट्रात कोरल नाहीच. आणि मेलंच तर दुसरीकडे लावता येतं, मुंबईत लावलंय. हाच मेसेज मी सोसायटीच्या ग्रुपवर पण बघितला होता, तेव्हा सोडून दिला. पण या वेळी त्याच्याखाली माझ्या भाचीने लिहिलं, "मस्त, मग मी एक आणणार!" आणि ती पुढच्या महिन्यात अंदमानला, नील बेटावर (आताचं शहीद द्वीप) जातेय. म्हणून बसले लिहायला.

मामा, आजीच्या शोकेसमध्ये तो पांढरा तुकडा आहे ना, कुणीतरी खूप वर्षांपूर्वी आणून दिलेला, तो एकदा भिंग घेऊन बघ. दगड वाटतो तो सगळा बारीक बारीक भोकांनी भरलेला आहे आणि प्रत्येक भोकात आडव्या कापलेल्या लिंबासारख्या फोडी दिसतात. त्यातलं एकेक भोक म्हणजे एकेका जिवाचं घर. पॉलिप म्हणतात त्याला, तोंड असलेला, भोवती सोंडा असलेला छोटासा प्राणी, जेलीफिशच्या नात्यातला. तो आपल्याखाली चुन्याचा सांगाडा बांधत जातो आणि आपण म्हणतो दगड. जिवंतपणी तो पांढरा नसतो, त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळं राहतात, ती उन्हावर अन्न तयार करून त्याला देतात आणि बराचसा रंग पण त्यांचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद अंशानेच जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर हा सोबती बाहेर टाकला जातो आणि कोरल पांढरंफटक पडतं. लगेच मरत नाही, पाणी वेळेत थंड झालं तर सावरतं, नाहीतर उपाशी मरतं. लक्षद्वीपला 1998, 2010, 2016 आणि परत 2024 ला हेच झालं. तिथलं जिवंत कोरल 1998 पासूनच्या 24 वर्षांत जवळपास निम्म्यावर आलंय. आणि ती बेटं उभीच कोरलवर आहेत, खाली दुसरी जमीन नाही. लाटांचा मार आधी रीफ, म्हणजे कोरलचा बांध, खाते, मग किनाऱ्याला लागतो.

आता तो उभं राहायचा आणि तुकडा आणायचा मुद्दा. बाकी सगळं चुकीचं असलं तरी मी गप्प बसले असते, यावर नाही बसणार, कारण हे वाचून माणसं खरंच तसं करतात. जिवंत भाग म्हणजे त्या सांगाड्यावरची काही मिलिमीटरची कातडी फक्त. तुमचा पाय पडला की ती सोलली जाते आणि फांदीचं कोरल असेल तर काडकन मोडतं. गोल बोल्डरसारखं कोरल वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतं, म्हणजे टीपॉयएवढा गोळा कित्येक दशकं जुना असू शकतो. तीन वर्षांपूर्वी मालवणात आमच्याच होडीतल्या एकाने खालून हाताएवढी फांदी तोडून वर आणली होती. तपकिरी होती, ओली, तिच्यावरून शेंबडासारखा चिकट थर गळत होता. गाईड ओरडला, पण उपयोग काय, तुटलेली फांदी तिथे परत कोण जोडणार. तासाभरात होडीत कुजक्या मासळीचा वास सुटला आणि त्या माणसाने फांदी पाण्यात फेकून दिली. आठवण म्हणून आणलेली ना ती!

कायदा पण सांगते. रीफ बांधणारी सगळी कोरलं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. शिक्षा किमान 3 वर्षं, जास्तीत जास्त 7, वर किमान 25 हजार दंड. शाळकरी मुलीला हे "बिनधास्त आण" म्हणून सांगताय तुम्ही.

आणि पोवळं? ते मुख्यतः भूमध्य समुद्रातलं लाल कोरल. तो पण प्राण्याचाच सांगाडा, फार हळू वाढणारा, आणि दागिन्यांसाठी ओरबाडून ओरबाडून तिथे कितीतरी ठिकाणी संपत आलेला. म्हणजे अंगठीवरून जे सिद्ध करायला गेलात त्याच्या उलटच सिद्ध होतं.

ऑस्ट्रेलियाचं अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. तिथली सागरी विज्ञान संस्था दरवर्षी ग्रेट बॅरियर रीफची पाहणी करते आणि 2022 च्या अहवालात उत्तर आणि मध्य भागातलं कोरल 36 वर्षांतलं सगळ्यात जास्त निघालं होतं. मेसेज तिथेच थांबतो. पण त्याच अहवालात लिहिलं होतं की ही वाढ मुख्यतः अ‍ॅक्रोपोराची, म्हणजे भराभर वाढणाऱ्या, आणि उष्णतेत, वादळात सगळ्यात आधी मरणाऱ्या जातीची आहे. नंतर 2024 चा उन्हाळा आला, पाणी तापलं आणि तिथलं कोरल पांढरं पडलं. त्याच संस्थेचा 2025 चा अहवाल बघा: दक्षिण भागात रीफचा जिवंत कोरलने झाकलेला हिस्सा 38.9 टक्क्यांवरून 26.9 वर, उत्तरेत 39.8 वरून 30 वर, आणि हे एका वर्षात. ज्या संस्थेचा आकडा तुम्ही पुरावा म्हणून देताय तिचाच पुढचा अहवाल का नाही वाचायचा?

महाराष्ट्रात कोरल नाही हे तर सरळ खोटं. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास. अंदमानसारखी सलग रीफ नाही, ठिगळं आहेत, पाणी पण गढूळ असतं, पण आहेत. आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर खोल समुद्रात आंग्रिया बँक आहे, पाण्याखालचं कोरलचं पठार, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. अभयारण्यामुळे मच्छीमारांना रोजीची धास्ती वाटते ती खरी आहे, त्यावर त्यांच्याशी बोलायलाच हवं, पण त्यासाठी कोरलच नाही म्हणायची गरज नाही.

राहिलं मुंबईचं. 2020 मध्ये कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजीअलीच्या कोरलच्या 18 वसाहती (एकत्र वाढलेले पुंजके) हलवल्या, बहुतेक जगल्या, हे बरोबर. पण त्या सगळ्या मिळून अर्धा चौरस मीटर पण भरत नव्हत्या, आणि तेवढ्यासाठी शास्त्रज्ञ लागले, वनखात्याची परवानगी लागली. त्यावरून लक्षद्वीप हलवता येईल असं कोण म्हणेल? आणि जिथे हलवाल तिथलं पाणी तापलं तर?

भाचीला मी फोन केलाय. लाइफ जॅकेट घालूनच उतर, दमलीस तर पाठीवर झोपून तरंग, नाहीतर गाईडच्या रिंगला धर, पाय खाली टेकायचे नाहीत, ओहोटीला खडकांवरून चालताना डबक्यात कोरल दिसेल ते वाकून बघायचं, हात लावायचा नाही. मामा, तुला ज्याने हा मेसेज पाठवला त्याला हे सगळं असंच्या असं पाठव.