तीन दिवस, चार तेलं आणि काका

वीस रुपये गेले त्याचं काही नाही, पण तो पंक्चरवाला हसला ते अजून डोक्यात आहे.

पोरीच्या जुन्या सायकलचं डावं पेडल गंजून बसलेलं. पंधराचा पाना लावून अक्षरशः लोंबकळलो, पेडल ढिम्म. तेवढ्यात काका उगवले. आमच्या पार्किंगमधे कुणाच्याही हातात पाना दिसला की काका उगवतातच, लिफ्ट बंद असली तरी.

"जोर नको लावू. तेल लाव."

"कुठलं?"

"हां! इथेच लोक चुकतात," म्हणत काका दुसऱ्याच कुणाच्या तरी स्कूटरवर बसले आणि मी समजलो, संध्याकाळ गेली. बायकोने खोबरेलाची बाटली आणली तर ती त्यांनी नजरेनेच परत पाठवली, थंडीत थिजणारं तेल आत काय शिरणार म्हणे. शिलाई मशीनचं लावून बघ, पण त्यात दम नाही. रॉकेल एक नंबर, "पण आता रॉकेल मिळतं कुठे?" हे असं विचारलं की जणू रेशनवरचं मीच बंद केलं. मग डिझेल. तेल पातळ हवं, दिव्याची वात कशी ओढून घेते तसं आट्यांत आपोआप चढतं. हे बरोबर आहे, म्हणून तर जास्त चिडचिड होते, माणूस पूर्ण चुकीचा असता तर परवडला असता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच सांगण्यावरून डब्ल्यूडी-फोर्टी नावाच्या तेलाच्या स्प्रेचा डबा आणला, तीनशेच्या वर गेले. तो हातात घेऊन काका म्हणाले, "चाळीस म्हणजे चाळिसावा प्रयोग. १९५३, अमेरिका. पाणी दूर ठेवायला काढलेलं."

"म्हणजे गंज सोडवायला नाही?"

"सोडवतं की. पण खास त्या कामाचं तेल वेगळं येतं."

हे दुकानात जायच्या आधी सांगायला काय झालं होतं?

तिसऱ्या दिवशी अॅसिटोन आणि गिअरचं तेल, निम्मं निम्मं. अॅसिटोन म्हणून पोरीचं नेलपेंट रिमूव्हर ओतलं. वाटीत दोन थर, भांडलेल्या जावांसारखे. पोरगी अजून बोलत नाहीये.

शेवटी पंक्चरवाला. त्याने पाना उलटा फिरवला, कट्ट, सुटलं.

"काका, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात."

म्हणजे तीन दिवस मी ते तेल पाजून पाजून घट्ट करत होतो. शिवाय हा मला काका म्हणाला, ते वेगळंच.

घरी येतो तर आमचे काका गेटवरच. "मी म्हटलंच होतं, जोर लावू नकोस. बरं, तो स्प्रे दे जरा, गॅलरीच्या दाराची बिजागरी कुरकुरतेय."

दिला. आज पाचवा दिवस, डबा अजून तिकडेच आहे.