“अंग मोडून आलं म्हणजे इंजेक्शन लागू पडलं” म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

लगनसराई आली की आमच्या यवतमाळ-वर्ध्याकडच्या बायांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: “चेहऱ्याचं इंजेक्शन घेतल्यावर ताप, मळमळ, डोळे जड, अशक्तपणा आला तर घाबरू नका. औषध लागू पडलं, आतली घाण निघून राहिली. बर्फ लावा, चेहरा दाबून चोळा. काही झालं तरी आपोआप उतरते. पार्लरमध्ये औषध तेच असते, दवाखान्यात पैसे जास्त. अन् डॉक्टरकडे गेलात तर पोलीस केस होते.” तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. हा मेसेज वाचून गोळी मागायला येणाऱ्या बाया मला भेटतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“औषध लागू पडलं, घाण निघते.”

चेहऱ्याचं इंजेक्शन म्हणजे बहुतेकदा आठ्या घालवायचं बोटॉक्स, नाहीतर गाल-ओठ भरायचा फिलर. बोटॉक्स म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचं विष, अगदी सूक्ष्म मात्रेत. नसेच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं तेव्हा स्नायू आवळतो. हे विष ते सुटूच देत नाही. आठी पाडणारा स्नायू ढिला पडतो, आठी जाते, विषय संपला. परिणाम दिसायला दोन-चार दिवस लागतात, पुरता दिसायला दोनेक आठवडे. मग टोचल्याच्या संध्याकाळी आलेली कणकण ‘लागू पडल्याची’ खूण कशी? आणि शरीरातली घाण काढायला यकृत आहे, मूत्रपिंडं आहेत. ती कपाळातून निघत नाही.

मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच, की किरकोळ डोकेदुखी, टोचल्या जागी निळा डाग, एखाद-दोन दिवस अंग कसकसणं काहींना होतं आणि जातं. पण त्याच ओळीत ‘डोळे जड’ आणि ‘अशक्तपणा’ही कोंबलाय, आणि खरा घोळ तिथं आहे.

मागच्या उन्हाळ्यात एक ताई दुकानात आल्या. “भाऊ, डोळाच उघडून नाही राहिला. अ‍ॅलर्जीची गोळी द्या.” डावी पापणी अर्ध्या बुबुळावर आलेली. आपण अशा वेळी भुवई वर ताणून बघतो; त्यांचं कपाळच ढिलं पडलेलं, म्हणून त्या मान मागं टाकून माझ्याकडे बघत होत्या. टोचून आठवडा झालेला. औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत झिरपलं की असं होतं. एकच पापणी, बोलणं स्वच्छ, गिळणं ठीक असेल, तर बहुतेक वेळा ती काही आठवड्यांत सावरते. तरी मी गोळी दिली नाही, डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठवलं.

पण दोन्ही पापण्या पडल्या, एकाचे दोन दिसायला लागले, आवाज बसला, जीभ जड झाली, घोट घशात अडकला, मान धरवेना, दम लागला, तर विष टोचल्या जागेपलीकडे पसरलंय. हे काही तासांत होऊ शकतं, काही आठवड्यांनीही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००९ मध्ये या औषधांच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा छापायला लावला तो याचाच.

आपल्या भागाला फवारणीची विषबाधा सांगावी लागत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यानं ती भोगली. काही कीटकनाशकांनी हेच अ‍ॅसिटिलकोलीन शरीरात साचतं, म्हणून लाळ गळते, बाहुली बारीक होते. बोटॉक्सच्या विषबाधेत ते सुटतच नाही, म्हणून तोंड कोरडं पडतं, बाहुली मोठी होऊ शकते. शेवट मात्र दोन्हीकडे श्वासाच्या स्नायूंवर येऊ शकतो. बोटॉक्सच्या बाधेवर वेगळं प्रतिविष असतं. ते पुढचं नुकसान थांबवतं, लुळा झालेला स्नायू लगेच उठवत नाही. म्हणून “दोन दिवस पाहू” म्हणण्यात हातची वेळ जाते.

आणि आपल्याकडे अशक्तपणा म्हटला की काय होतं? “डॉक्टर, एक बाटल चढवून द्या.” सलाईननं हे विष उतरत नाही. त्यात ताप आहे म्हणून कोणी जेंटामायसिन किंवा अमिकासिनचं इंजेक्शन ठोकलं तर आणखी पंचाईत, कारण त्या गटाची अँटिबायोटिक्स बोटॉक्सचा परिणाम वाढवू शकतात. तेव्हा ताप कशाचाही असो, “चेहऱ्यावर सुई घेतली” हे आधी सांगा. लाजेपायी हेच लपवलं जातं.

“बर्फ लावा, दाबून चोळा.”

बोटॉक्सनंतर चोळणं म्हणजे औषध नको त्या स्नायूकडे ढकलणं. फिलरची गोष्ट निराळी. तो गाल-ओठ भरायचा जेल, बहुतेकदा हायलुरॉनिक अ‍ॅसिडचा. तो चुकून रक्तवाहिनीत गेला किंवा तिच्यावर दाब आला तर कातडी पांढरी पडते, मग जाळीदार निळसर, आणि ठणका लागतो. तिथं बर्फानं वाहिन्या आणखी आवळतात. साध्या सुजेला बर्फ चालतो, या रंगाला नाही.

“आपोआप उतरते.”

बोटॉक्स तीन-चार महिन्यांत उतरतं. जेलही कालांतरानं विरघळतं, पण रक्त अडलेली कातडी तोवर थांबत नाही, मरते. हायलुरॉनिडेज नावाचं औषध तो जेल विरघळवतं. ते त्याच दिवशी, जितकं लवकर मिळेल तितकं बरं. भुवयांच्या मध्ये किंवा नाकात भरलेला फिलर डोळ्याच्या वाहिनीत गेला तर नजर जाते, आणि बहुतेकदा परत येत नाही. टोचल्यावर दिसणं कमी झालं तर घरी जायचंच नाही, तिथूनच १०८ ला फोन लावायचा.

“औषध तेच असते.”

बोटॉक्सची कुपी कधी पाहिली का? रिकामीच वाटते. तळाशी धुरकट थर असला तर असला. त्यात सलाईन घालून ती पातळ करतात आणि युनिट मोजून टोचतात; भुवयांमधल्या आठ्यांसाठी ठरलेली मात्रा पाच ठिकाणी मिळून २० युनिट. किती सलाईन घातलं हे टोचणारीला माहीत नसेल तर मात्रा तिलाही माहीत नाही. कुपी राहायला हवी २ ते ८ अंश तापमानात. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश असताना ती नागपूरहून एसटीत, पर्समध्ये आली असेल, त्यात गावात लाइन गेलेली, तर आत काय उरलं देव जाणे. आणि नकली असली तर? अमेरिकेत २०२४ मध्ये ११ राज्यांतल्या २२ जणी अशाच आजारी पडल्या. कोणी अप्रशिक्षित हातून टोचून घेतलं होतं, कोणी घरी किंवा स्पामध्ये. ११ जणींना भरती करावं लागलं.

“पोलीस केस होते.”

सुई घेणं गुन्हा नाही. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ नोंदणीशिवाय डॉक्टरकी करणाऱ्याला धरतो, पेशंटला नाही. या धाकाचा फायदा कोणाला, ते तुम्हीच ओळखा.

गिळायला, बोलायला, श्वासाला त्रास असेल तर गावातल्या झोलाछापाकडे थांबू नका. नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज, सेवाग्रामचं रुग्णालय, यवतमाळचं सरकारी रुग्णालय, जे जवळ ते गाठा. सोबत टोचल्याची तारीख आणि कुपीचा, बॅच नंबरचा फोटो न्या. त्रासाची नोंद १८००-१८०-३०२४ या औषध-दुष्परिणामांच्या मोफत क्रमांकावर पेशंट स्वतःही करू शकतो. पार्लरवाली कुपी दाखवत नसेल, तर तेही डॉक्टरला सांगा.